संस्थेचा सर्व्हर: ऑफिसात ठेवावा की क्लाउडवर?

मिरजमळा

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातल्या एका छोट्या सामाजिक संस्थेचा मी खजिनदार. नोंदणी सार्वजनिक न्यासाची, परदेशी देणगी घ्यायची एफसीआरए नोंदणी आहे, पण येणारी रक्कम बेताचीच. चौदा कर्मचारी, ऑफिसात सहा कॉम्प्युटर, बाकीची मंडळी गावोगाव मोबाइलवर. आमचा 'सर्व्हर' म्हणजे २०१५ साली घेतलेला साधा डेस्कटॉप. त्याच्या डी ड्राइव्हवर सगळा संसार: टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर (तिघं जण लॅनवरून, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कवरून, वापरतात), महिलांच्या आरोग्य तपासण्यांच्या नोंदी, प्रकल्पांचे अहवाल आणि ढिगानं फोटो. मिळून ६०० जीबी. २०१९ च्या पुरात ऑफिसात पाणी शिरलं तेव्हा कार्यकर्त्यांनी हाच डबा डोक्यावर घेऊन माडीवर नेला, म्हणून हिशेब वाचले. आता तो चालता चालता मधेच बंद पडतो.

दोन कोटेशनं हातात आहेत. एक, नवा टॉवर सर्व्हर, विंडोज सर्व्हरचं लायसन, यूपीएस, बसवून देणं धरून २ लाख ३५ हजार. दुसरं, 'टॅली ऑन क्लाउड', म्हणजे टॅली त्यांच्या सर्व्हरवर आणि आपण इंटरनेटवरून वापरायचं, माणशी महिना ८०० रुपये अधिक जीएसटी, आणि फाइलींसाठी वेगळं भाडं.

विश्वस्तांत दोन तट पडलेत. ज्येष्ठ म्हणतात, आपली माहिती आपल्या कपाटात हवी. तरुण म्हणतात, कपाट सांभाळायला माणूस कुठाय? त्यात क्लाउडवाला सांगून गेला की आता कायद्यानेच हिशेब क्लाउडवर ठेवणं सक्तीचं झालंय. खरं आहे का हे? १५ तारखेला बैठक आहे. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

पुस्तकपेटी

वाचतेय. आमच्या गावच्या वाचनालयापुढेही थोड्याफार फरकाने हाच प्रश्न आहे. वाचनखूण साठवली.

तारायंत्र

पुण्यात छोट्या ऑफिसांची नेटवर्क बसवणं-सांभाळणं हा माझा धंदा आहे, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही एक प्रश्न विचारलाय, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी गुंतल्यात: ईमेल, फाइली आणि टॅली. तिन्हींचं उत्तर एकच असायला हवं असं कोणी सांगितलं? कोटेशन देणाऱ्याला ते एकत्र बांधून द्यायला बरं पडतं, एवढंच.

ईमेल ऑफिसात ठेवण्याचा विचारही करू नका. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणं हे आज पूर्णवेळ काम आहे, आणि एवढं करूनही तुमचं पत्र समोरच्याच्या स्पॅममध्येच जायचं.

टॅलीचं म्हणाल तर 'क्लाउड' म्हणून जे विकलं जातंय ते बहुतेक वेळा डेटा सेंटरमधला एक विंडोज सर्व्हर असतो. त्यावर तुमचं टॅली टाकायचं आणि तुम्ही रिमोट डेस्कटॉपने (त्या दूरच्या मशीनचा पडदा आपल्या मशीनवर उघडून) आत शिरायचं. वाईट नाही, पण त्यात नवलही नाही. तुमच्या ऑफिसातलाच डबा दुसऱ्याच्या खोलीत गेला. अपडेट, बॅकअप, पासवर्ड ही कामं तशीच राहतात, फक्त करणारा बदलतो. तो करतोय की नाही हे तुम्हाला दिसत नाही.

आकडे मांडू. तीन जणांचे महिना ८०० म्हणजे वर्षाचे २८,८००, जीएसटीसह ३३,९८४. पाच वर्षांत १ लाख ७० हजाराच्या आसपास, तेही भाव न वाढल्यास. सर्व्हर २ लाख ३५ हजार. तो चोवीस तास चालणार, सरासरी १०० वॅट धरा, वर्षाला ८७६ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी ८,७६० रुपये वीज. यूपीएसच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांनी बदलाव्या लागतात. पाच वर्षांनी वॉरंटी संपते आणि पुन्हा हीच चर्चा.

आता खरा प्रश्न. तीन माणसांच्या टॅलीला विंडोज सर्व्हर लागतोच कशाला? मल्टियूझर लायसन असेल तर एखाद्या बऱ्या डेस्कटॉपवर डेटा ठेवून बाकीचे दोघं लॅनवरून काम करतात. आजही तुम्ही तेच करताय. एसएसडी असलेला नवा डेस्कटॉप घ्या, त्याला चांगला यूपीएस लावा. खर्च चौथ्या हिश्श्यावर येईल.

लेथवाला

आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. मी कट्टर 'आपलं आपल्याकडे' पंथाचा.

आमची सगळी ड्रॉइंगं सॉलिडवर्क्स या यंत्रभागांच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये. एका असेंब्लीमागे दोनशे पार्टच्या फाइली, आणि त्या एकमेकींचा पत्ता धरून बसलेल्या. एका सल्लागाराने ते फोल्डर क्लाउडला सिंक करून दिलं, म्हणजे इथे बदल झाला की तिथेही आपोआप होणार. दोन पोरांनी एकाच वेळी असेंब्ली उघडली की 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' नावाची पिल्लं पडायची. कोणती खरी, कोणती खोटी? जुन्या कॉपीवरून जॉब कापला गेला तर माल भंगारात. शेवटी दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी) आणून ऑफिसात ठेवला, गिगाबिट स्विच टाकला, विषय संपला.

दुसरं म्हणजे, रस्त्यावर जेसीबी आला की फायबर तुटणार हे आमच्याकडे पंचांगात लिहिल्यासारखं आहे. गुरुवारी महावितरणची दुरुस्ती असते, तेव्हा जनरेटरवर मशीन चालतं, लॅन चालतं. इंटरनेट नसलं तरी सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनला) प्रोग्रॅम मिळतो. क्लाउडवर असतो तर ऑपरेटर चहा पीत बसला असता.

तिसरं, ज्या बड्या कंपनीचे आम्ही पार्ट करतो तिच्या करारातच लिहिलंय की ड्रॉइंग त्यांच्या परवानगीशिवाय तिसऱ्याच्या यंत्रणेवर ठेवायचं नाही. सही करताना हे कलम कोणी वाचत नाही.

अमेरिकेतल्या ३७सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीचं उदाहरणही आहेच. वर्षाला ३२ लाख डॉलर क्लाउडचं बिल येत होतं, २०२२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आम्ही बाहेर पडतो, आणि सात लाख डॉलरच्या आसपास सर्व्हर विकत घेऊन बाहेर पडलेही.

तारायंत्र

लेथवाला, सॉलिडवर्क्सबद्दल शंभर टक्के सहमत. जड, एकमेकींत गुंतलेल्या फाइली सिंकवर टाकू नयेत. टॅलीलाही हेच लागू. टॅलीचं डेटा फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवू नका. टॅली फाइल उघडी ठेवून लिहीत असतं, सिंकवाला मधेच ती उचलतो, आणि एक दिवस टॅलीतली तुमची हिशेबाची फाइल उघडेनाशी होते. टॅलीतूनच बॅकअप घ्यायचा आणि ती बॅकअपची फाइल वर पाठवायची.

३७सिग्नल्सचं मात्र अर्धंच सांगितलंत. त्यांनी सर्व्हर ऑफिसच्या कोपऱ्यात ठेवले नाहीत, डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या जागेत ठेवले. शिवाय सर्व्हर सांभाळणारी पगारी माणसं त्यांच्याकडे आधीपासून होती. मिरजमळा यांच्याकडे कोण आहे?

मिरजमळा

एक अकाउंटंट आणि एक प्रकल्प समन्वयक. प्रिंटर अडला की समन्वयकच बघतात.

ताळेबंद

मी सीए आहे, न्यासांची ऑडिटं करते. क्लाउडवाल्याने कायद्याचं जे सांगितलं ते साफ चूक आहे, म्हणून आधी तेवढं.

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. टॅलीचं 'एडिट लॉग' ते हेच. तो कंपनी कायद्याखालचा नियम आहे. कलम ८ ची (ना-नफा) कंपनी त्यात येते, सार्वजनिक न्यास येत नाही. त्याच नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती झाली: इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यायचा. इथेही 'क्लाउड' हा शब्द नाही. ऑफिसातला सर्व्हर भारतातच असतो.

तुम्हाला लागू होतो तो न्यासांच्या पुस्तकांचा आयकर नियम (१९६२ च्या नियमांतला १७एए), तोही ऑगस्ट २०२२ चाच. न्यासाने कोणती पुस्तकं ठेवायची याची लांबलचक यादी त्यात आहे. कागदावर किंवा डिजिटल, काहीही चालतं. संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून १० वर्षं जपायची. आणि एक बारकावा: पुस्तकं नोंदणीकृत कार्यालयात असावीत. भारतातच पण दुसरीकडे ठेवायची असतील तर तसा ठराव करायचा आणि सात दिवसांत आकारणी अधिकाऱ्याला पत्त्यासह लेखी कळवायचं. हिशेब पूर्णपणे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये नेणार असाल तर मी तुम्हाला हा ठराव करायला लावीन. हिशेब ऑफिसात आणि फक्त बॅकअप बाहेर असेल तर ही वेळ येत नाही.

दहा वर्षं हा आकडा लक्षात ठेवा. क्लाउडवर भाडं थांबलं की दार बंद. प्रकल्प संपला, देणगीदार गेला, पण २०२५ चे हिशेब २०३६ साली विचारले तर उघडता आले पाहिजेत. म्हणून दर वर्षी ऑडिट झाल्यावर टॅलीचा बॅकअप आणि सगळ्या खतावण्यांच्या पीडीएफ एका बाजूला काढून ठेवायच्या, भाडं भरा अथवा न भरा.

पैशांचं. धंद्याला क्लाउडच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळतो, बहुतेक न्यासांना तो अंगावर पडतो. सर्व्हर घेतला तर धंद्याला कॉम्प्युटरचा ४० टक्के घसारा मिळतो. न्यासाला उत्पन्नाचे जे ८५ टक्के आपल्या कामावर खर्चावे लागतात, त्यात ती खरेदी त्याच वर्षी धरता येते, पण त्यावर पुन्हा घसारा मागता येत नाही. भाडंही खर्चात धरलं जातंच. म्हणजे आयकरासाठी न्यासाला दोन्ही सारखंच.

फरक पडतो तो एफसीआरएमध्ये. २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. हिशेब ठेवण्याचा खर्च प्रशासकीयमध्ये मोडतो. तुमची रक्कम बेताची आहे म्हणता, तर हे वार्षिक भाडं त्या वीस टक्क्यांत बसतंय का ते आधी बघा.

आणि सगळ्यात व्यावहारिक गोष्ट: देणगीदार वस्तूला पैसे देतात, वर्गणीला देत नाहीत. सीएसआरवाल्या (सामाजिक कामाला निधी देणाऱ्या) कंपन्या लॅपटॉप देतील, त्यावर बोधचिन्ह चिकटवून फोटोही काढतील. 'पाच वर्षांचं क्लाउडचं भाडं' म्हटलं की गप्प. त्यामुळे कित्येक संस्था गरज नसताना सर्व्हर घेतात, कारण त्याच खात्यात पैसे असतात.

लेथवाला

शेवटच्या परिच्छेदाला +१. आमच्या गावच्या शाळेत असाच एक सर्व्हर आहे. प्लास्टिकही काढलेलं नाही.

वर्गणी

पुण्यातल्या एका संस्थेत काम करते. मिरजमळा, तुम्ही फाइलींसाठी भाडं का भरताय? गूगल फॉर नॉनप्रॉफिट्समध्ये नोंद करा. भारतातले नोंदणीकृत न्यास, सोसायट्या, कलम ८ कंपन्या यांना वर्कस्पेसची (गूगलच्या ईमेल आणि फाइलींच्या सेवेची) एक आवृत्ती फुकट मिळते. संस्थेच्या नावाचे ईमेल, आणि संस्थाभर मिळून १०० टीबी, म्हणजे सुमारे एक लाख जीबी, जागा. तुमचे ६०० जीबी म्हणजे चिंचोके. (शाळा आणि रुग्णालयं यात बसत नाहीत, शाळांसाठी वेगळी योजना आहे.) कागदपत्रांची पडताळणी होते, थोडी पत्रापत्री होते, पण होतं.

मायक्रोसॉफ्टचंही आहे. बिझनेस बेसिक ३०० जणांपर्यंत फुकट. त्यात वर्ड-एक्सेल ब्राउझरात आणि मोबाइलवर चालतं, कॉम्प्युटरवर उतरवता येत नाही.

पण फुकटावर किती विसंबायचं याचा ताजा दाखला देते. मायक्रोसॉफ्ट संस्थांना बिझनेस प्रीमियमची दहा लायसन फुकट द्यायचं. त्यात कॉम्प्युटरवर चालणारं ऑफिस होतं, सुरक्षेची साधनं होती. १ जुलै २०२५ पासून नूतनीकरणाच्या वेळी ते बंद केलं: सवलतीत विकत घ्या किंवा बेसिकवर या. ज्या संस्थांनी त्या दहा लायसनांवर सगळी घडी बसवली होती, त्यांच्या अंदाजपत्रकात अचानक नवी ओळ आली. दानाला कोणी जाब विचारू शकत नाही.

हे सगळं करण्याआधी एक काम करा: तुमचं डोमेन (वेबसाइटचा आणि ईमेलचा नोंदवलेला पत्ता) कोणाच्या नावावर आहे ते बघा. आमचं वेबसाइट बनवणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या खात्यात घेतलं होतं. माणूस बरा होता, पण धंदा गुंडाळून परगावी गेला. नूतनीकरणाची आठवण त्याच्या ईमेलला यायची, आम्हाला पत्ता नाही. वेबसाइट गेली ते गेलं, त्या डोमेनवरचे सगळ्यांचे ईमेलही एका सकाळी बंद. देणगीदारांना आमच्या पावत्या जाईनात, आणि त्यांची पत्रं परत जायला लागली. डोमेन, गूगलचं ॲडमिन खातं, टॅलीचा सिरियल नंबर ज्या ईमेलला जोडलाय तो ईमेल, या तीन किल्ल्या संस्थेच्या पत्त्यावर हव्यात. आणि प्रत्येकाला दोन माणसं.

मिरजमळा

वर्गणी ताई, आत्ताच विचारून घेतलं. आमचे सगळे जुने फॉर्म आणि फोटो दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या एका कार्यकर्तीच्या वैयक्तिक जीमेलवर आहेत. ती चांगली मुलगी आहे, फोन उचलते.

वर्गणी

मग आजच उचलायला लावा. वैयक्तिक गूगल खातं दोन वर्षं वापरलंच नाही तर डिसेंबर २०२३ पासून गूगल ते पुसून टाकू शकतं. ती रोज वापरत असेल तर प्रश्न नाही. पण ते खातं खास संस्थेच्या कामापुरतं काढलेलं असेल, तर घड्याळ चालू आहे.

शुद्धलेखन

मधेच एक मुद्दा, तंत्रज्ञ मंडळी विसरतात म्हणून. तुमचे जुने मराठी अहवाल कशात टाइप केलेत? श्रीलिपी, आकृती, आयएसएम? असतील, तर ते वर्ड फाइल म्हणून गूगल ड्राइव्हवर चढवलेत की उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. त्या फाइलीत मराठी नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेला फाँट असतो, आणि तो फाँट ब्राउझरात नाही.

आमच्या मासिकाची अनेक वर्षांची अंकांची सामग्री अशीच होती. एका जुन्या मशीनला श्रीलिपीचं लॉक (ते सॉफ्टवेअर चालायला लागणारी किल्ली) लावून ठेवलंय, ते मशीन हलवायचं नाही असा फतवा आहे. तेव्हा क्लाउडवर जाण्याआधी:

महत्त्वाच्या फाइली त्याच जुन्या मशीनवर फाँट एम्बेड करून (फाइलीतच बसवून) पीडीएफ करा. दिसायला नीट दिसतील, पण शोधता येणार नाहीत. 'लाभार्थी' शोधलंत तर शून्य निकाल. ज्या पुन्हा वापरायच्या आहेत त्या युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर मराठी दिसते त्या पद्धतीत) बदला. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार, जोडाक्षरं आणि आकडे हाताने तपासावे लागतात. लाभार्थ्यांच्या नावांच्या एक्सेल याद्या असतील तर आधी त्याच करा. आडनावातला रफार गेला की माणूस बदलतो.

मिरजमळा

श्रीलिपीच! हा विचार कोणाच्याच डोक्यात नव्हता. २०१६ पर्यंतचं सगळं त्यातच आहे.

यारानदीकाठ

मेलबर्नहून. इथली एक घटना सांगतो, क्लाउड म्हणजे बॅकअप असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी.

युनिसुपर हा ऑस्ट्रेलियातला मोठा निवृत्तिवेतन निधी, सहा लाखांहून जास्त सभासद. मे २०२४ मध्ये गूगल क्लाउडवरचं त्यांचं एक खाजगी क्लाउड (फक्त त्यांच्यासाठी राखलेली यंत्रणा) पुसलं गेलं. हॅकर वगैरे कोणी नाही. उभारणीच्या वेळी गूगलच्याच बाजूने एक रकाना रिकामा राहिला, त्यामुळे ठराविक मुदतीनंतर ते आपोआप बंद करण्याचा हुकूम लागला, आणि मुदत भरल्यावर यंत्रणेने इमानदारीत तो पाळला. त्याच क्लाउडमधल्या प्रतीही गेल्या. सभासदांना आठवडाभर खातं दिसेना. वाचले कशामुळे? त्या क्लाउडपासून वेगळे ठेवलेले बॅकअप होते म्हणून.

हे अब्जावधी डॉलर सांभाळणाऱ्या निधीचं झालं. फुकटच्या खात्याचं असं झालं तर गूगलमध्ये तुमचा फोन कोण उचलणार?

लेथवाला

घ्या! मी काय म्हणत होतो?

यारानदीकाठ

थांबा, उलट बाजूही आहे. दक्षिण कोरियात देजॉनला सरकारचं स्वतःचं डेटा सेंटर आहे. भाड्याचं नाही, पक्कं आपल्या कपाटातलं. २६ सप्टेंबर २०२५ ला तिथे यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी नोकर ज्या जी-ड्राइव्हवर फाइली ठेवायचे तो ८५८ टीबीचा साठा खाक झाला. त्याचा बाहेर कुठेच बॅकअप नव्हता. कारण दिलं गेलं की साठा फार मोठा आहे.

आणि मार्च २०२१ मध्ये फ्रान्सच्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काही गिऱ्हाइकांचे बॅकअप त्याच आवारात होते. तेही गेले.

तारायंत्र

म्हणून आमच्या धंद्यात ३-२-१ म्हणतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक गावाबाहेर. नॅसमधल्या दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत, लेथवाला. एक डिस्क मेली तर दुसरी कामाला येते एवढंच. चुकून फोल्डर डिलीट केलंत तर ते दोन्हींवरून त्याच क्षणी जातं. रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर दोन्ही कुलूपबंद. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने क्यूनॅप कंपनीचे नॅस असेच पकडले, जे सरळ इंटरनेटला उघडे ठेवलेले होते ते.

आता मिरजमळा यांच्या टॅली क्लाउडवाल्याला विचारायचे प्रश्न. रिमोट डेस्कटॉपचं दार इंटरनेटवर उघडं आहे का? म्हणजे नुसता आयपी पत्ता, यूजर आणि पासवर्ड टाकला की आत, असं असेल तर नमस्कार करून बाहेर पडा. रिमोट डेस्कटॉपचं हे दार, म्हणजे ३३८९ नंबरचं पोर्ट, उघडं ठेवलेल्या मशीनवर दिवसरात्र जगभरातून पासवर्ड मारून बघणं चालू असतं. मधे व्हीपीएन (इंटरनेटवरची खाजगी, बंदिस्त वाट) हवं, ओटीपी हवा. दुसरा प्रश्न, आमचा डेटा आम्हाला हवा तेव्हा, तुम्हाला फोन न करता उतरवून घेता येईल का? इथे जो 'सर, आम्हाला मेल टाका, आम्ही देऊ' म्हणतो, तो भाडं थकल्यावर काय करेल ते तुम्हीच ठरवा. तिसरा, आमच्याच मशीनवर आणखी कोणाकोणाचं टॅली आहे? शेजाऱ्याने पायरेटेड काही आणलं तर घाण तुमच्याही अंगणात येते.

आणि हो, ऑफिसच्या टॅलीत घरून शिरायची सोय हवी असेल तरी राउटरवर पोर्ट उघडू नका. बहुतेक स्वस्त फायबरवर स्वतःचा आयपी मिळतच नाही, त्यामुळे ते चालतही नाही. टेलस्केलसारखं काहीतरी बसवा, दोन्ही मशीन आतून जोडली जातात, बाहेरून काही दिसत नाही.

ताळेबंद

आरोग्य तपासण्यांच्या नोंदींबद्दल कोणीच बोललं नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने दिलेत. संस्थांना सरसकट सूट नाही. माहिती सुरक्षित ठेवण्यात हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. तुम्हाला कोणी २५० कोटी लावणार नाही, पण विषय हसण्यावारी न्यायचा नाही.

आता ही माहिती ऑफिसात जास्त सुरक्षित की क्लाउडवर? मी ज्या संस्था बघते तिथे माहिती गळते ती या दोन्हींपैकी कुठूनच नाही. ती गळते व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या आधारच्या फोटोंतून, आणि 'लिंक ज्याच्याकडे आहे तो कोणीही बघू शकेल' अशा ड्राइव्हच्या फोल्डरमधून. बाईचं नाव, गाव, हिमोग्लोबिन, नवऱ्याचा फोन नंबर, सगळं एका शीटमध्ये आणि त्याची लिंक तालुक्याच्या ग्रुपवर. आधारची झेरॉक्स खरंच लागते का ते आधी बघा; लागत असेल तर शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेली घ्या.

मिरजमळा

मंडळी, बैठक झाली. काय ठरलं ते लिहितो.

सर्व्हर घ्यायचा नाही. टॅलीसाठी नवा डेस्कटॉप आणि यूपीएस, दोन्ही माडीवर. टॅलीतून रोज संध्याकाळी बॅकअप, तो गूगलवर, आणि दर शनिवारी एका बाहेरच्या डिस्कवर. अशा दोन डिस्क आलटून पालटून; एक ऑफिसात, एक ज्येष्ठ विश्वस्तांच्या घरी, त्यांच्याच कपाटात. यावर ते खूश आहेत. गूगलचा अर्ज भरलाय. तोवर फाइली जुन्या मशीनवरून एका डिस्कवर उतरवून घेतोय.

आरोग्याच्या नोंदींवर सगळ्यात जास्त वेळ गेला. समन्वयकांचं म्हणणं, त्या ड्राइव्हवर हव्यात, नाहीतर गावातल्या ताई वहीतच लिहीत राहतील. शेवटी शेअर्ड ड्राइव्हवर ठेवायचं, फक्त संस्थेच्या ईमेलनेच उघडेल असं, आणि नावाऐवजी नंबर. नाव-नंबरची यादी वेगळी, दोघांकडेच. लिंक ग्रुपवर टाकायची बंदी. ही बंदी पाळली जाईल का यावर माझी खात्री नाही.

दोन प्रश्न उरलेत. ६०० जीबी चढवायला किती वेळ लागेल? आणि बॅकअप बरोबर घेतला जातोय हे आमच्यासारख्याने कसं ओळखायचं?

तारायंत्र

अपलोड २० एमबीपीएस मिळत असेल तर ६०० जीबीला अखंड पावणेतीन दिवस. प्रत्यक्षात आठवडा धरा. रात्री लावा, नाहीतर दिवसा ऑफिसचं इंटरनेट रडेल. आधी हिशेब आणि अहवाल, फोटो शेवटी. फोटोंतले निम्मे एकाच कार्यक्रमाचे पाच-पाच असतील, ते आधी चाळा.

बॅकअपचं: महिन्याच्या पहिल्या सोमवारी अकाउंटंटने दुसऱ्याच कॉम्प्युटरवर, रिकाम्या फोल्डरमध्ये तो बॅकअप रिस्टोअर करायचा, ताळेबंद उघडायचा, आणि बँकेच्या खात्याची शिल्लक ज्या दिवशीचा बॅकअप त्या दिवशीच्या छापील पानाशी ताडून बघायची. जुळली तर तारीख घालून वहीत सही. लायसन नसलेल्या मशीनवर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये (शिकण्यापुरत्या मर्यादित रूपात) उघडतं, पाहण्यापुरतं ते पुरतं. वर्षातून एकदा हे विश्वस्तांच्या घरच्या डिस्कवरूनही करा. आणि जुन्या मशीनची हार्ड डिस्क भंगारवाल्याला देऊ नका, आरोग्याच्या नोंदी आहेत त्यात. काढून घ्या, ड्रिल मारा.

लेथवाला

ड्रिलसाठी भोसरीत स्वागत आहे.

अवांतर: तारायंत्र, तिसरी प्रत गावाबाहेर म्हणता, तर करारातल्या त्या कलमाचं काय करू? क्लाउडवर टाकता येत नाही.

तारायंत्र

क्लाउड कशाला? दुसरा लहान नॅस घ्या, तुमच्या घरी ठेवा, रात्री ऑफिसचा नॅस त्यावर एन्क्रिप्ट करून (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा) बॅकअप टाकेल. यंत्र तुमचं, जागा तुमची, तिसरा कोणी नाही. तरी त्या कंपनीच्या खरेदी विभागाला एक मेल टाकून ठेवा. घर आणि ऑफिस दोन्हीकडे एकच वीजवाहिनी नसली म्हणजे झालं.

पुस्तकपेटी

आता माझा प्रश्न. १२ हजार पुस्तकं, एक ग्रंथपाल, वाचनालय संध्याकाळी ५ ते ८ उघडं. कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर टाकायचं आहे. ते क्लाउडवर भाड्याने देणारेही आहेत. आमच्याकडे एक बऱ्यापैकी कॉम्प्युटर पडून आहे.

तारायंत्र

पडून असलेल्यावर विंडोजऐवजी डेबियन लिनक्स टाका, त्यावर कोहा. ब्राउझरात चालतं, त्यामुळे देवघेवीच्या टेबलावरचं मशीन कसलंही चालेल. वाचकांना घरून यादी बघायची नसेल तर भाडं भरू नका. फक्त बॅकअपची वेळ तपासा. ही कामं साधारण पहाटे लागलेली असतात, आणि तुमचं मशीन तेव्हा बंद असणार. ती संध्याकाळी साडेसातला लावा, आणि १२ हजार पुस्तकांची फाइल फार मोठी होत नाही, ती रोज वाचनालयाच्या ईमेलवर जाऊ द्या.

पुस्तकपेटी

साडेसातला आमच्याकडे सगळ्यात गर्दी. पावणेआठ चालेल?

तारायंत्र

चालेल.